विचार आधी की मित्र आधी?

काहीजण म्हणतात, विचार पटला की तरुण आपोआप रस्त्यावर उतरतो. पटणं लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जायला शेकडो विद्यार्थ्यांनी अर्ज भरले होते. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॅडम यांनी ते अर्ज नंतर तपासले. प्रत्यक्ष गेलेले आणि निवड होऊनही गळालेले, दोघांची मतं जवळपास सारखीच निघाली. फरक होता तो आधीच्या संघटनांच्या सदस्यत्वात आणि जवळचा मित्र सोबत निघालाय की नाही यात.

आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशनावरचे मोर्चे याच नजरेनं बघा. नुसतं पत्रक वाचून एकटा आलेला पोरगा विरळाच. बाकीचे वस्तीतल्या अभ्यासिकेतून, वसतिगृहातून चार-पाचच्या टोळक्यानं येतात. शिवाय परीक्षा, नोकरी, घरची जबाबदारी आडवी येतेच. डिसेंबरात पेपर असले की सहानुभूती असूनही पोरं घरी बसतात, त्याला उदासीनता म्हणणं घाईचं.

गळती खरी होते ती पहिल्या मोर्चानंतर. घोषणा दिल्या, फोटो काढला, पुढं काय? दोन-चार दिवसांत हिशेब, पत्रकवाटप, माहिती अधिकाराचा अर्ज असं नेमकं काम हाती दिलं नाही, तर नवा आलेला पोरगा पुढच्या बैठकीला बहुधा दिसत नाही.