मोटर उलट-सुलट फिरवायला दोनच रिले पुरे

१२ व्होल्टची डीसी मोटर दोन्ही दिशांना फिरवायला चार सुटे रिले (कॉइलला करंट दिला की चालणारे स्विच) लावून एच-ब्रिज, म्हणजे मोटरचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अदलाबदल करणारी जोडणी, करायचा सल्ला काही जण देतात. चालेल, पण एकाच बाजूचे दोन चुकून एकदम ऑन झाले की सप्लाय सरळ शॉर्ट. त्यापेक्षा पाच पिनांचे दोन चेंजओव्हर रिले घ्या; यात कॉमन पिन रिले ऑफ असताना एनसी पिनला आणि ऑन झाला की एनओ पिनला जोडली जाते. दोघांचे कॉमन मोटरच्या दोन टोकांना, दोन्ही एनसी निगेटिव्हला, दोन्ही एनओ १२ व्होल्टला. एक ऑन केला की सुलटी, दुसरा केला की उलटी. दोन्ही ऑफ असताना मोटरची टोकं आपसात जोडली जातात, त्यामुळे ती गरगरत न राहता चटकन थांबते. दोन्ही ऑन झाले तरी तेच.

खरा घोळ दिशा बदलताना. फिरत्या मोटरचा बॅक ईएमएफ (फिरताना तिनं स्वतः तयार केलेला व्होल्टेज) सप्लायमध्ये मिळतो आणि करंट स्टॉल करंटच्या, म्हणजे मोटर अडकल्यावर ओढते त्या करंटच्या, जवळजवळ दुप्पट जाऊ शकतो. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात ते इथंच. म्हणून रिले चालवणाऱ्या कोडमध्ये दिशा बदलण्याच्या मधे अर्धा सेकंद तरी थांबा द्या, लोड जड असेल तर जास्त.

१एन४००७ डायोड (एकाच दिशेला करंट जाऊ देणारा) फक्त रिलेच्या कॉइलवर, डायोडवरची पट्टी पॉझिटिव्हकडे. मोटरवर नको, एका दिशेला तो शॉर्टच करेल, तिथं ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. पॉझिटिव्ह लाइनीत फ्यूज मात्र हवाच.