मदत हवी: ख्रिस्ती विश्वासातल्या मित्राला प्रेमाने पण तोंडावर कसं सांगू? (वास्को)

वास्कोकर: आमच्या मराठी फेलोशिपमधला जिवाभावाचा मित्र आहे, तो चुकतोय हे मला पक्कं माहितीये, एकदा आडून सुचवलं तर हसून विषय बदलला. रविवारी पास्टर त्याला वचन वाचायला उभं करणारेत, मला ते बघवणार नाही म्हणून लवकर सांगा. नुसतं प्रार्थना कर असं सांगू नका, ती रोज चालू आहे.

फोंड्याची_ताई: अरे पण करतो काय तो? दारू, पैसा, बाहेरचं काही? आणि तुला कसं कळलं?

मडगावचो_बाब: सरळ फादरकडे कुमसाराक (पापाची कबुली द्यायला) पाठवा. फादर मेले तरी कुणाला सांगणार नाहीत, ते गुपित फोडलं तर त्यांनाच चर्चचा कडक दंड आहे. तुम्ही मधे कशाला पडता?

वास्कोकर: बाब, आम्ही कॅथलिक नाही. जुगार आहे. आधी मटका, आता मोबाइलवर.

पणजीकर: सगळं मांडवीतल्या कॅसिनोंमुळे! 2020 पासून गोंयकारांना आत बंदी आहे म्हणे, पण कोण पाळतो?

फोंड्याची_ताई: अहो तो मोबाइलवर खेळतो, कॅसिनो कुठून आला?

पणजीकर: मोबाइलवरचे पैशाचे खेळ तर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंद झालेत.

वास्कोकर: कुठले बंद, कोणीतरी लिंक पाठवतो, त्यावर चालू आहे.

सावंतवाडीचा_भाऊ: बायबलमधलं मत्तय 18:15 वाच. आधी दोघंच एकांतात, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन, मग मंडळी, म्हणजे अख्खं चर्च. लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमक्यासाठी प्रार्थना करा' टाकून मोकळे होतात. आमच्याकडे एका पोराचं लग्न ठरत होतं, त्या प्रार्थनेच्या विनंतीने त्याचं प्रकरण गावभर झालं, पोरगा परत मंडळीत आलाच नाही. मला अजून वाईट वाटतं.

फोंड्याची_ताई: भाऊ, तिथे 'तुझा अपराध केला तर' आहे. जुगार खेळून त्याने याचा काय अपराध केला? इथे गलतीकरांस पत्र 6:1 लागू, सौम्यतेने सावरायचं, आणि स्वतःलाही सांभाळायचं.

वास्कोकर: माझे पैसे घेतलेत त्याने, मुलीची फी म्हणून. शाळेतून फी भरली नाही असा फोन आला तेव्हा वहिनी मला विचारायला आल्या.

फोंड्याची_ताई: हे आधी सांगायचं ना रे! म्हणजे घरात कळलंय.

वास्कोकर: फी भरली नाही एवढंच. खेळाचं त्यांना माहीत नाही.

म्हापसेकर: मी दारूतून बाहेर आलो ते एका मित्रामुळे, म्हणून लिहितो. त्याने मला उपदेश केला नाही. आम्ही ठरवलं, संध्याकाळी तहान लागली की मी आधी त्याला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले तरी, आणि त्याला पटकन राग यायचा तर चिडला की त्याने मला करायचा. याकोब 5:16 मधे एकमेकांजवळ कबुली द्या असं आहे, एकाने साहेब आणि दुसऱ्याने आरोपी व्हायचं नाही. दर शनिवारी दोघं बसा, दोघांच्या यूपीआयची हिस्ट्री उघडा, आधी तुझी दाखव.

नवीन_वाचक: ही फेलोशिप वास्कोत कुठे भरते? हिंदी पण असते का?

सावंतवाडीचा_भाऊ: नाथान संदेष्ट्याने दुसऱ्याची म्हणून गोष्ट सांगून दावीद राजाला त्याचं पाप दाखवलं, तशी गोष्ट सांगून बघ, 2 शमुवेल 12. दावीद स्वतःच चिडून निकाल देऊन बसला.

म्हापसेकर: भाऊ, नाथानला देवाने पाठवलं होतं. याने गोष्ट रचली तर मित्राला वाटेल आपल्याला फिरवतोय. सरळ बोल, 'मला तुझी काळजी वाटते' इथून सुरू कर.

वास्कोकर: उद्या बायण्याच्या किनाऱ्यावर नेतो त्याला, दोघंच. पैशाचा विषय काढणार नाही. रविवारचं काय?

फोंड्याची_ताई: पास्टरना म्हण या रविवारी दुसऱ्याला वाचायला द्या, कारण काय ते मागाहून तो स्वतः सांगेल. पण पैशाचं काढ बाबा! तोच तर तुझ्यापुरता अपराध, तो गिळून बसलास तर आतून कडू होशील.

सावंतवाडीचा_भाऊ: ताई, पहिल्याच भेटीत नको, त्याला वाटेल वसुलीला आलाय.

फोंड्याची_ताई: मग आधीच सांग की पैसे परत मागायला आलो नाही, पण फी म्हणून घेतलेले कुठे गेले ते मला ठाऊक आहे. आणि वहिनीला खरं त्यानेच सांगायचं, तू नाही. हवं तर सोबत बस.