रहिवाशांचा सहभाग कधीपासून?

दंगलींनी दुभंगलेल्या वस्तीत आधी इमारती उभाराव्यात, सलोखा आणि रहिवाशांचा सहभाग मागाहून येईल, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्यांनी हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना पोलिसांसह एकत्र बसवले. धारावीतही हे काम झाले आणि ते रहिवाशांनीच पुढे नेले. भायखळ्याच्या पदपथांवरील बायकांनी तर १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिला मिलन’मधून पै-पै बचत केली, स्वतःच्या झोपड्यांची गणना केली आणि पोटमाळा निघेल अशा चौदा फूट उंचीच्या घराचा प्रत्यक्ष मापाचा नमुना उभा करून दाखवला. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत मात्र रहिवाशांचा सहभाग बहुधा संमतीपत्रावरील सहीपुरताच उरतो, याचे फार वाईट वाटते. आराखडा आखतानाच, विशेषतः बायकांना, विचारले गेले पाहिजे.