मदत हवी आहे: रॅपिड टेस्टचं गणित चुकतंय का?
मंडळी, एका हिशेबात अडकलोय. समजा १०,००० जणांची कोरोनाची रॅपिड अँटिजेन (झटपट निकाल देणारी) चाचणी केली, त्यातले १०० खरंच बाधित. चाचणी बाधितांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगींना ९८ टक्के वेळा निगेटिव्ह दाखवते. मग ८० सापडले, २० निसटले. पण ९,९०० निरोगींपैकी १९८ उगाचच पॉझिटिव्ह! म्हणजे २७८ पॉझिटिव्हमधले जेमतेम २९ टक्के खरे. (तीनदा ताळा केला, आकडा हलत नाही.)

पॉझिटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेतली जास्त अचूक चाचणी) करून खात्री करायची, ते कळलं. घोळ त्या २० जणांचा आहे. दोन दिवसांनी तीच चाचणी पुन्हा केली, तर त्यांतलेही ८० टक्के सापडतील असं धरायचं का? की विषाणूचं प्रमाण कमी म्हणून सुटलेले पुन्हाही सुटतील? कुणी उलगडून सांगेल का?