मदत हवी आहे: इंग्रजी क्रियापदांनंतरची शब्दयोगी अव्यये कशी शिकवावीत?

मी मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. मुलांची वाक्यरचना सुधारली आहे. परंतु क्रियापदानंतर कोणते शब्दयोगी अव्यय घ्यायचे, किंवा मुळीच घ्यायचे नाही, येथे ती हमखास अडखळतात. मनात ‘तिच्याशी लग्न केले’ असल्यामुळे ‘मॅरीड विथ हर’ लिहिले जाते आणि उलट, ‘गाणी ऐकतो’ यात प्रत्यय दिसत नसल्यामुळे ‘आय लिसन साँग्ज’. सर्वांत अवघड जागा ‘मला’ची आहे, कारण ‘टोल्ड मी’ आणि ‘सेड टू मी’ या दोहोंसाठी मराठीत एकच ‘मला’ येते. ‘डिस्कशन अबाउट’ चालते, तर ‘डिस्कस अबाउट’ का नाही, असे एका मुलीने विचारले. नामाचा आणि क्रियापदाचा नियम वेगळा, हे तिने वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी निबंधात तीच चूक केली.

याद्या पाठ करून घेतल्या, गाळलेल्या जागा भरून घेतल्या. चाचणीत गुण मिळतात, स्वतंत्र लेखनात मात्र चूक परत येते. व्याकरणासाठी आठवड्यात एकच तासिका असते आणि वर्गात मोबाइल किंवा प्रोजेक्टर नाही, त्यामुळे अ‍ॅपचा उपयोग होणार नाही.

‘ला’, ‘शी’, ‘वर’ अशा मराठी प्रत्ययांनुसार क्रियापदांचे गट करून फरक दाखवावा, की मराठी बाजूला ठेवून ‘लिसन टू’, ‘वेट फॉर’ असे जोडशब्दच सवयीचे करावेत? यांपैकी कोणत्या पद्धतीने आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतील चुका खरोखर कमी झाल्या, आणि आपण सुरुवात कोणत्या क्रियापदांपासून केली होती?