मॉडेल ए चा आय-बीम ठेवू की ट्यूब ॲक्सल मागवू?

भांडुपचा_रॉडवाला:
मंडळी, कुर्ल्याला भंगारात फोर्ड मॉडेल ए ची फ्रेम आणि पुढचा आय-बीम (I आकाराचा भरीव) ॲक्सल मिळालाय, विशबोनसकट (ॲक्सलला मागून धरणारा V आकाराचा दांडा). ट्रॅडिशनल हॉट रॉड (जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकून बनवलेली) करायचीये, नाक एकदम खाली पाहिजे. इंजिन दुसरं बसणार म्हणून विशबोन मधून कापून दोन्ही टोकं फ्रेमला लावायचा विचार आहे. मित्र म्हणतो आय-बीम सोड, १९३७-४० च्या फोर्ड व्ही-एट सिक्स्टी गाडीचा ट्यूब (पोकळ नळीचा) ॲक्सल मागव, भारी दिसतो. काय करू? आणि किंगपिनला (चाक ज्या पिनवर वळतं ती) प्ले आहे, म्हणजे ढिली हलते, चालेल का?

पाटा_आणि_शॅकल:
दादा आय-बीमच ठेवा, दिसण्यासाठी नाही सांगत. मूळ गाडीत विशबोन मागे एकाच बॉलवर फिरतो त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी ॲक्सल आरामात तिरका होतो, पण तुम्ही तो कापून दोन्ही बाजूंना फ्रेमवर अडकवलात की प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल पिळला जाणार, आय-बीम तेवढा पीळ खातो, ट्यूब खात नाही, मग सगळा जोर विशबोनवर आणि ब्रॅकेटवर येतो आणि तिथे क्रॅक जातो. आपल्या एलबीएस रोडवर पावसाळ्यात काय होईल सांगायला नको! ट्यूबच हवा असेल तर विशबोन अख्खा ठेवा नाहीतर फोर-बार (विशबोनऐवजी ॲक्सल धरणारे चार दांडे) लावा.
अजून एक, विशबोनची मागची टोकं फ्रेमपर्यंत वर उचलली की कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. टॅक (कच्चं वेल्डिंग) मारून गाडी वजनावर उभी करा, ५ ते ७ डिग्री भरतोय का बघा, मगच पक्कं वेल्डिंग.

वडाळा_डिझेल:
किंगपिनचं मी सांगतो. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. प्ले स्टबच्या (चाक बसतो तो भाग) बुशमध्ये असेल तर काही टेन्शन नाही, नवीन बुश ठोकून रीमर मारायचा (भोक मापात घासायचं), ट्रक टर्मिनलचे जुने मिस्त्री हे काम रोज करतात कारण ट्रकला आजही हीच सिस्टीम आहे. पण पिन ॲक्सलच्या भोकातच हलत असेल तर तो ॲक्सल मला तरी नको. दोन्ही भोकांत सरळ रॉड घालून एका टोकाकडून बघा, रॉड एका रेषेत दिसले नाहीत तर ॲक्सल पिळलेला आहे. पेंट काढून डाय पेनेट्रंट टेस्ट (रंग लावून बारीक क्रॅक शोधायची) कराच. आणि प्लीज, स्टाइलसाठी बीमला भोकं पाडू नका, वेल्डिंग तर नाहीच नाही.

भांडुपचा_रॉडवाला:
खूप आभार दोघांचे. मग नाक खाली कसं आणू, स्प्रिंगचे पाटे काढू का?

पाटा_आणि_शॅकल:
नुसते पाटे काढून काढून फ्रेम आपटायला लागेल. ड्रॉप्ड ॲक्सल (मधला भाग खाली वाकवलेला) घ्या, पुढून गाडी खाली येते, पाट्याला हात न लावता. फक्त स्टिअरिंग आर्म वाकवावे लागतील नाहीतर टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) विशबोनला घासतो. आणि क्रॉस स्टिअरिंग (स्टिअरिंगचा दांडा आडवा पलीकडच्या चाकाला) करणार असाल तर पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) टाळू नका, शॅकलवर (स्प्रिंगच्या टोकाची झुलती कडी) ॲक्सल आडवा सरकतो आणि गाडी हातात राहत नाही.

गिरगाव_क्लासिक:
काका म्हणून एक सांगतो, कापाकापी करायच्या आधी कागद बघ. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हीए नंबर (विंटेज गाडीचा) ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळतो, चासी, बॉडी किंवा इंजिन बदललंस तर विसर. फ्रेमसोबत आरसी आहे का?

भांडुपचा_रॉडवाला:
नाही काका, नुसती फ्रेम आणि ॲक्सल.

गिरगाव_क्लासिक:
मग बिनधास्त बनव, पण आरसीशिवाय रोडवर नको. ट्रेलरवर टाकून शोला ने.