अनुभव धागा : क्रिप्टोच्या नावाने भेटलेले तोतये

माझे मामा ३४ वर्षं बँकेत होते. चेकवरची खोटी सही हातात घेताक्षणी ओळखायचे. गेल्या महिन्यात त्यांचे ४ लाख ६० हजार गेले आणि सुरुवात झाली अर्थमंत्र्यांच्या व्हिडिओने. निर्मला सीतारामन एका क्रिप्टो योजनेची माहिती देताहेत, चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा. सगळं एआयने बनवलेलं. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकने असे व्हिडिओ अनेकदा खोटे ठरवलेत. मामांपर्यंत ते पोचलं नव्हतं, व्हिडिओ पोचला.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा काही जाणती माणसंही त्याला भाऊच समजली होती. ओळखीचा चेहरा दिसला की आपण पुढचं तपासत नाही. म्हणून हा धागा. पैसे गेले असोत की वाचले असोत, समोरचा कोण बनून आला होता आणि शंका नेमकी कधी आली ते लिहा. नावगाव नको, आकडाही सांगायचा नसेल तर राहू द्या. मामा हे सगळं वाचणार आहेत. 'एवढंही कळलं नाही का' असं कुणी कुणाला म्हणू नका, ही कळकळीची विनंती.

ठाणे, सॉफ्टवेअर टेस्टर

रोज कॉम्प्युटरवरच काम करतो, तरी फसलो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या वॉलेटमधला, म्हणजे क्रिप्टो सांभाळायच्या ॲपमधला, एक व्यवहार अडकला होता. वॉलेटच्या टेलिग्राम ग्रुपवर विचारलं. दोन मिनिटांत मला वेगळा मेसेज : 'सर, सपोर्ट टीमकडून बोलतोय.' ॲडमिनचाच फोटो, ॲडमिनचंच नाव. नंतर नीट पाहिलं तेव्हा दिसलं, नावातल्या कॅपिटल 'आय'च्या जागी स्मॉल 'एल' होता. फोनवर दोन्ही सारख्याच उभ्या रेघा दिसतात.

त्याने लिंक दिली, 'वॉलेट सिंक करा.' पानावर १२ रिकाम्या चौकटी. वॉलेटची किल्ली असलेले माझे १२ शब्द बायकोच्या पाककृतींच्या वहीत, अनारशांच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेले. वही मांडीवर घेऊन एकेक शब्द टाइप करत होतो. सातव्या शब्दाला बायको म्हणाली, "हे कुणालाच द्यायचे नसतात असं तूच म्हणाला होतास ना?" मी म्हटलं, "अगं, कंपनीचाच माणूस आहे." बारावा शब्द टाकला. त्याचा मेसेज आला, 'सर, अर्धा तास लागेल, तोवर ॲप उघडू नका.' मी खरंच उघडलं नाही. त्या अर्ध्या तासात, साडेतीन वर्षं पगारातून थोडं थोडं घेतलेलं सगळं इथर (माझं क्रिप्टो) दुसऱ्याच पत्त्यावर गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हे १२ किंवा २४ शब्द ज्याच्याकडे, त्याचं वॉलेट. पासवर्ड बदलता येतो, हे बदलता येत नाहीत. खऱ्या सपोर्टला ते कधीच लागत नाहीत. आणि मी ग्रुपवर विचारल्यावर तो आपण होऊन माझ्याकडे आला, तिथेच मी थांबायला हवं होतं.

पुणे, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं. एका मोठ्या उद्योगपतीचं भाषण आणि खाली क्यूआर कोड, 'पाठवाल त्याच्या दुप्पट परत.' चॅनलचे सबस्क्रायबर लाखांत, म्हणून खरं वाटलं. ते चॅनल चोरलेलं होतं. २० सप्टेंबर २०२४ला तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनल हॅक होऊन त्यावर एक्सआरपी या क्रिप्टोचा व्हिडिओ दिसत होता. जुलै २०२०मध्ये ओबामा, बिल गेट्स, मस्क यांच्या खऱ्या ट्विटर खात्यांवरून हेच 'दुप्पट'चं आमिष दाखवलं गेलं आणि लोकांनी लाखभर डॉलरच्या वर बिटकॉइन पाठवले. म्हणजे खातं खरं असलं तरी बोलणारा खरा असतोच असं नाही. माझे ६ हजार वाचले, कारण रूममेटने विचारलं, "दुप्पट द्यायचेत तर त्याला आधी तुझे कशाला हवेत?"

कोल्हापूर, स्टेशनरीचं दुकान

मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी घातलं. क्रिप्टोची खरेदी-विक्री होते अशा एका नामांकित एक्स्चेंजच्या नावाचं ॲप, पण प्ले स्टोअरवरून नाही, लिंकवरून घ्यायला लावलं. मी १० हजार भरले, चार दिवसांत १३ दिसले. परीक्षा म्हणून ५ हजार काढून पाहिले, तासाभरात खात्यात आले. सगळा विश्वास बसला तो त्या ५ हजारांमुळे. पुढे दुकानाच्या मालाचे पैसे घातले, भिशीचे घातले. ॲपवर ११ लाख दिसायला लागले. काढायला गेले तर 'भारत सरकारचा ३० टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल.' ३० टक्क्यांचा नियम मी पेपरात वाचलेला होता, म्हणून खराच वाटला. नणंदेकडे उसने मागायला गेले तेव्हा तिने हात धरून बसवलं आणि तिच्या सीएला फोन लावला.

सांगली, सीए

ताई, तुमच्या नणंदेने फार मोठं काम केलं. हा मुद्दा सगळ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण हे लोक खऱ्या नियमाचाच आधार घेतात. १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२पासून विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. पण तो ३० टक्के कर आपण आयकर खात्याला भरतो, एक्स्चेंजच्या माणसाने दिलेल्या वॉलेटवर किंवा यूपीआयवर नाही. आणि टीडीएस मिळणाऱ्या रकमेतूनच वजा होतो. स्वतःचे पैसे काढायला बाहेरून आणखी पैसे मागितले, की तिथे तुमचे पैसे नाहीतच. स्क्रीनवर नुसता आकडा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण हा 'कर' भरून झाल्यावर येतात.

एडिसन, न्यू जर्सी

इथलं वेगळं आहे. सासऱ्यांना फोन आला, 'सोशल सिक्युरिटीमधून बोलतोय, तुमच्या नंबरावर गुन्हा नोंदलाय, खात्यातले पैसे सुरक्षित ठिकाणी हलवा.' (सोशल सिक्युरिटी म्हणजे इथलं पेन्शनचं सरकारी खातं, प्रत्येकाला त्याचा एक नंबर असतो.) ते ठिकाण म्हणजे गॅस स्टेशनवरचं बिटकॉइनचं मशीन. नोटा घाला, फोनवर पाठवलेला कोड दाखवा, झालं. सासरे ७३ वर्षांचे, कानाला फोन लावून ९ हजार डॉलर लिफाफ्यात घेऊन उभे. काउंटरवरच्या गुजराती मुलाने हिंदीत विचारलं, "अंकल, फोन पे कौन है?" तेवढ्यावर ते भानावर आले. कुठलंही सरकारी खातं असा फोन करून क्रिप्टोत पैसे मागत नाही, आणि 'फोन ठेवू नका, घरी सांगू नका' असं तर मुळीच म्हणत नाही. तिकडे डिजिटल अरेस्टवालेही हेच करतात ना?

नागपूर, नोकरी

माझी फसवणूक दोनदा झाली. दुसरी जास्त लागली. पैसे गेल्यावर मी एक्सवर लिहिलं. तासाभरात 'सायबर सेलच्या अधिकाऱ्याचा' मेसेज, सोबत ओळखपत्राचा फोटो, अशोकस्तंभ वगैरे. 'तुमचं यूएसडीटी सापडलंय, अनफ्रीझ करायला १८ हजार भरा.' (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो.) बुडालेल्याला काडी दिसावी तसं झालं. भरले.

आधी काय करायला हवं होतं ते आता सांगतो. कळल्याबरोबर १९३०ला फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. माझे पहिले दोन हप्ते यूपीआयने एका बँक खात्यात गेले होते. त्यातले ३१ हजार त्या खात्यात गोठवले गेले, कारण फोन त्याच संध्याकाळी केला होता. क्रिप्टो होऊन गेलं ते अजून आलेलं नाही. यूटीआर नंबर (बँकेतल्या प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), वॉलेटचा पत्ता, ट्रान्झॅक्शन आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट, काही पुसू नका. मी रागाने चॅट डिलीट केलं होतं. तक्रार लिहून घेताना पोलिसांनी पहिलं तेच मागितलं.

धागाकर्ती

मामांनी काल रात्री सगळं वाचलं. ठाण्याच्या दादांचा अनुभव दोनदा वाचला. सकाळी सात वाजता फोन आला, "नागपूरचे ते गृहस्थ यूटीआर म्हणतात, तो पासबुकावर असतो का गं?" मी लगेच गेले. मामा चष्मा लावून पासबुक, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसले होते. बँकेत असताना बसायचे तसेच. एकूण सहा व्यवहार निघाले. मामींना त्यांनी दोनच सांगितले होते. शेवटच्या ओळीखाली पट्टी धरून ते मामींना म्हणाले, "हाही लिहून घे." आता आम्ही तिघं पोलीस ठाण्यात निघालोय. तिथे काय होईल ते संध्याकाळी लिहिते, तोवर बाकीच्यांनी लिहीत राहा.